आचमनापुरतं पाणी

हे कुणासाठी लिहितेय ते आधी सांगते. बाथरूमचं दार आतून लावून, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून, ओठ घट्ट दाबून जी कोणी बसली असेल, तिच्यासाठी. बाहेर घर माणसांनी भरलेलं आहे, माणसं वाईटही नाहीत, पण हे नेमकं कुणाला आणि कुठल्या शब्दांत सांगायचं ते तिला सुचत नाहीये. मलाही बराच काळ सुचलं नव्हतं.

मी डोंबिवलीत राहते आणि पूजा सांगते. सत्यनारायण, मंगळागौर, वास्तुशांत, साठीशांत, जे असेल ते. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, घर सुनंसुनं झालं, तेव्हा ठाण्याच्या केतकरबाईंकडे पौरोहित्य शिकायला जायला लागले. सुरुवातीला फोन यायचे ते असे: "गुरुजी कुठेच मिळत नाहीयेत हो, तुम्ही याल का?" म्हणजे दुधाची तहान ताकावर. मी जायची. उच्चार स्वच्छ, अर्थ समजावून सांगायची, घाई करायची नाही. हळूहळू त्याच घरांतून पुढच्या पूजेला आधी मला फोन यायला लागला. आयुष्यात स्वतःची म्हणून मी मिळवलेली ही एकच गोष्ट. बाकी सगळं कुणाची तरी बायको किंवा आई म्हणून आलेलं.

केतकरबाईंचा एक दंडक होता. संकल्प सोडला की पूजा संपेपर्यंत आसन सोडायचं नाही. एकीने विचारलं, "बाई, पुरुष गुरुजी तर मधेच फोनवर बोलायलासुद्धा उठतात की."

"त्यांनी उठावं," बाई म्हणाल्या. "गुरुजी उठले तर लोक म्हणतील, फोन आला असेल. बाई उठली तर लोक काय काय तर्क करतील ते मी तुम्हाला सांगायला नको. आपण गेल्यावर जागा धुऊन काढतील."

आम्ही सगळ्या हसलो होतो. पण गोष्ट डोक्यात पक्की बसली. आणि न उठण्याचा सोपा उपाय माझा मीच शोधून काढला. पाणी प्यायचं नाही. पूजेच्या दिवशी सकाळी उठल्यापासून पोटात जे पाणी जायचं ते आचमनाचं. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, असं म्हणत पळीभर पाणी तळहातावर घ्यायचं तेवढंच. श्रावणात तर एका घरातून दुसऱ्या घरी जायचं असायचं. दुपारी घरी येऊन नऊवारी सोडेपर्यंत मी बाथरूमचं तोंड पाहत नसे. आणि याचा मला अभिमान होता, हे विशेष.

उन्हाळी

माझी आई याला उन्हाळी लागणं म्हणायची. आंब्याच्या दिवसांत कुणाला लघवीला जळजळ झाली की सब्जा, धण्याचं पाणी आणि "उन्हात हुंदडू नका" एवढ्यावर ती निभावायची. त्यामुळे मला पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा मीही धणे भिजत घातले.

त्रास असा की आत्ताच जाऊन आले तरी पुन्हा जावंसं वाटायचं. गेलं की चार थेंब, आणि ते चार थेंब निखाऱ्यासारखे. ओटीपोटात सतत कुणीतरी मूठ आवळून धरल्यासारखं. वास यायचा. तो वास मला सगळ्यात जास्त छळायचा. दिवसातून दोनदा अंघोळ करणारी, सोवळ्यात वावरणारी बाई मी. इतरांनाही वास येत असेल या भीतीने मी देवघरात नको इतका धूप जाळायला लागले. माझ्या नवऱ्याने, प्रभाकरने, एकदा विचारलं, "रोज एवढा धूर कशाला?" मी म्हटलं, "डास झालेत."

औषधाच्या दुकानात गेले. काउंटरवर मुलीच्या वयाचा मुलगा, मागे सोसायटीतले दोघे ओळखीचे उभे. मी हळूच म्हटलं, "जळजळ होतेय."

"कुठे, छातीत? ॲसिडिटी?"

मी मान डोलावली आणि पित्ताचं औषध घेऊन घरी आले. आता हसू येतं. तेव्हा जिन्यात उभी राहून रडले होते.

पुढे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आग थांबली की मी गोळ्या थांबवल्या. उरलेल्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवल्या, जसं आपण बायका सगळंच जपून ठेवतो. पुढची वेळ आली. मग त्याच्या पुढची. हे कधीही करू नका. गोळ्या जितके दिवस घ्यायला सांगितल्या असतील तितके दिवस घ्या, बरं वाटलं तरी घ्या. मी तुम्हाला बाकी काही शिकवायला बसलेली नाही, पण एवढं ऐका.

दुखण्यापेक्षा मला त्या दिवसांत काय वाटायचं ते सांगते. एकटं वाटायचं. डोकं दुखलं तर माणूस डोकं धरून हॉलमध्ये बसू शकतो. कुणी चहा देतं, कुणी बाम देतं. या दुखण्याला घरात बसायला जागाच नव्हती. मी आणि प्रभाकर एकाच सोफ्यावर बसून बातम्या बघायचो. माझा जीव चाललेला असायचा आणि तो म्हणायचा, "आज आमटी छान झालीय."

टिटवाळा

श्रावणातली सत्यनारायणाची पूजा होती, टिटवाळ्याच्या एका नव्या इमारतीत. तरुण जोडपं, पहिलंच घर. भिंतींना अजून रंगाचा वास. अंगात कणकण होती, पाठीत एका बाजूला ठणकत होतं, तरी मी गेले. नव्या घराची पहिली पूजा मोडायची नाही, असं मनाला बजावत गेले.

गेल्या गेल्या बाथरूमकडे नजर टाकली. आत केळीचे खांब, फुलांच्या टोपल्या, प्रसादाची भांडी आणि उरलेल्या टाइल्सची खोकी. यजमानीण म्हणाली, "काकू, हात धुवायचेत? बेसिन इकडे आहे." मी हात धुतले. बाकी काही बोलले नाही. सामान बाहेर काढायला दोन मिनिटं लागली नसती. पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं, आणि तिचे सासरे, दीर, शेजारचे असे सगळे तिथे बसलेले होते.

साधुवाण्याची नौका बुडते त्या अध्यायात मला हुडहुडी भरली. पोथी हातात हलायला लागली म्हणून ती मांडीवर ठेवली आणि पाठ होती तेवढी कथा तशीच म्हणत राहिले. आरतीला उभी राहिले ती भिंतीला टेकून. यजमानांनी गाडीने घरी सोडलं. वाटेत त्यांची बायको म्हणाली, "काकू, तुम्ही किती तल्लीन होऊन सांगता. अंगावर अक्षरशः काटा आला होता तुमच्या, मी बघितलं."

घरी पोचले तेव्हा दातावर दात वाजत होते. प्रभाकरने मला तसंच नऊवारीत जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं.

बायकांचा विषय

डॉक्टर तरुण होती, केस घट्ट बांधलेले, आवाज मोकळा. तिने पाठीवर हलकेच ठोकलं आणि मी ओरडले.

"लघवीला त्रास किती दिवसांपासून आहे?"

हा प्रश्न तिने साध्या आवाजात विचारला, "जेवलात का" विचारावं तसा. प्रभाकर लगेच उठला. "मी बाहेर थांबतो. बायकांचा विषय आहे, तुम्ही बोला." आणि गेला. छत्तीस वर्षांचा संसार, एका मुलीचा बाप, आणि या एका शब्दाला तो दाराबाहेर गेला. दार लागताना मी त्याच्या पाठीकडे बघत होते. आई गेली तेव्हासुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"पाणी किती पिता?"

मी तिला आचमनाचं सांगितलं. ती लिहिता लिहिता थांबली.

"आणि बाथरूमला?"

"पूजा असली की सकाळी निघताना, मग दुपारी घरी आल्यावर."

ती रागावली नाही. समजावून सांगितलं. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा कोरडी, नाजूक होते, जंतूंना फावतं. वरून पाणी कमी आणि लघवी धरून ठेवलेली, म्हणजे जंतू धुऊन जायला वावच नाही. आधीच्या अर्धवट गोळ्यांनी ते नुसते निर्ढावले होते. आता संसर्ग मूत्राशयातून वर किडनीपर्यंत चढला होता. "तुम्ही अस्वच्छ आहात म्हणून हे झालेलं नाही," ती आपणहून म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले. माझी समजूत कशी घालावी ते न कळून ती नुकतीच लावलेली सलाईनची नळी उगाच सरळ करत राहिली.

लघवीची तपासणी झाली, कोणतं औषध लागू पडेल ते कळायला वेळ गेला, तोवर सुईतून औषधं चालू. ताप चढायचा, उतरायचा. रोज सकाळी लॅबचा माणूस व्हरांड्यातून हाक मारायचा, "युरिनवाल्या काकू कोण?" पहिल्या दिवशी मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं. नंतर हात वर करायला शिकले.

पपईची पानं

प्रभाकरने सगळ्यांना सांगितलं होतं की मला व्हायरल ताप आहे. त्याच्या मते त्याने माझी लाज राखली होती.

त्यामुळे भेटायला येणारे सगळे व्हायरल तापाला भेटायला यायचे. शेजारच्या परांजपेवहिनी पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या. "प्लेटलेट वाढतात. नाक दाबून प्या." कडूजहर रस मी त्यांच्यासमोर प्यायले. काय सांगणार? त्यांनी विचारलं, "अंग फार दुखतं का हो?" मी म्हटलं, "हो ना." त्यांनी डासांबद्दल महापालिकेला शिव्या दिल्या, मीही दिल्या. मुलीचा बेंगळुरूहून फोन आला, "आई, डेंग्यूची टेस्ट केली ना?" तिलाही मी हो म्हटलं.

सगळे येत होते, प्रेमाने विचारत होते, आणि माझ्या आजाराजवळ त्यांतलं एकही माणूस नव्हतं. परांजपेवहिनी गेल्या की मी उठून, सलाईनची बाटली उंच धरून, बाथरूमला जायची. तिथे आत गेलं की बरं वाटायचं. निदान तिथे खोटं बोलावं लागत नव्हतं.

एक सांगायलाच हवं. प्रभाकर रोज यायचा. मऊ भात, मेतकूट, गरम पाण्याची पिशवी, सगळं आणायचा. पिशवी माझ्या हातात द्यायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. वाईट माणूस नाही तो. त्याच्याकडे त्यासाठी शब्दच नव्हते, आणि खरं म्हणजे माझ्याकडेही नव्हते.

गुडघे

घरी आल्यावर डॉक्टरचं म्हणणं स्पष्ट होतं. भरपूर पाणी, आणि लघवी अजिबात धरून ठेवायची नाही. पुन्हा वर चढलं तर किडनीला महाग पडेल.

पाणी प्यायचं तर उठावं लागणार. उठायचं तर पूजा सांगता येणार नाही. डोक्यात हिशोब इतका सरळ होता. फोन वाजायचा, मी म्हणायची, "अजून अशक्तपणा आहे." मार्गशीर्ष आला तरी अशक्तपणा होताच. माझी नऊवारी कपाटात घडी घालून पडली होती. सकाळी उठून मी स्वतःच्याच देवांची पूजा करायची आणि उरलेला दिवस माझ्याकडे बघत बसायचा.

प्रभाकर म्हणाला, "सोडून दे आता. पुष्कळ केलंस. लोकांना सांग, गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. केतकरबाईंनी नाही का तसंच सोडलं? कुणी प्रश्न विचारत नाही गुडघ्यांना."

म्हटलं तर शहाणपणाचं होतं. मी ठरवलं की बाईंना भेटून यावं, आशीर्वाद घ्यावा आणि विषय संपवावा.

बाई ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत राहतात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ऐंशी ओलांडलेली. बेल वाजवली तर दार उघडेना. खालून आवाज आला, "आले गं, थांब!" हातात भाजीची पिशवी घेऊन बाई जिना चढत होत्या. कठड्याला हात न लावता.

आत गेल्यावर त्यांनी पिशवी ठेवली, जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि मटार सोलायला घेतले. मी बघत राहिले. मग चहा करायला उठल्या, हात न टेकता.

"बाई," मी म्हटलं, "तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांना काय झालंय?"

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, लांबलचक. तो थांबेपर्यंत बाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मग गॅस बारीक करून माझ्याकडे वळल्या.

"तुलाही तेच झालं का गं?"

मी मान डोलावली.

"माझं ऑपरेशनपर्यंत गेलं होतं," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नाही. सुनेलाही नाही. आपण तुम्हा सगळ्यांना दंडक घालून दिला आणि आपणच उठायचं, ते कसं दिसलं असतं? मग गुडघे म्हणून सांगितलं. लोक तेल आणून द्यायचे. ते बघ, अजून बाटल्या आहेत."

कपाटावर तेलाच्या बाटल्यांची रांग होती. धूळ बसलेली. माझ्या डोळ्यांसमोर पपईच्या रसाचा पेला आला.

"बाई, शास्त्रात काय आहे? मधे उठलं तर?"

"काय असणार? लघुशंकेला जावं, हातपाय धुवावेत, चूळ भरावी, आचमन करून पुढे चालू करावं. शास्त्राने कधी अडवलं? मीच अडवलं." त्यांनी चहा गाळला. कप माझ्या हातात दिला. "आता तू नको अडवूस कुणाला."

ठाण्याजवळच्या बाळकुमहून एका पूजेचं बोलावणं आलेलं होतं, त्याला मी दुसऱ्याच दिवशी होकार कळवला.

बाळकुम

बाळकुमचे ते लोक जुने, तिथलेच. त्यांच्या शेताच्या जागी आता टॉवर उभा आहे आणि त्यातच वरचे फ्लॅट त्यांचे. हॉलमध्ये पन्नासेक माणसं, भावकी सगळी. पाटावर मुलगा आणि सून, आणि बाजूला खुर्चीत मुलाची आई. कपाळाला आडवं कुंकू, गळ्यात ठसठशीत सोनं, तोंडात पान.

पूजेची मांडणी झाली. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती आणि सकाळपासून ती अर्धी संपवली होती. संकल्पाच्या आधी मी हात जोडले. आजवर कितीतरी मंत्र माणसांनी भरलेल्या घरांत मोठ्याने म्हटलेत, कधी आवाज असा अडकला नव्हता.

"एक सांगायचंय," मी म्हटलं. "पूजा मोठी आहे. मधे एकदा मी लघवीला उठणार आहे. हातपाय धुऊन, आचमन करून पुन्हा बसेन. तेवढा वेळ पूजा थांबेल."

पुरुषमंडळी छताकडे, पंख्याकडे, मोबाइलकडे बघायला लागली. मुलाने घसा खाकरला. मागे कुणीतरी बारीक हसलं. माझे कान तापले. वाटलं, संपलं सगळं, आता बाळकुममधून कधी फोन येणार नाही.

"जा ना गो बाय," खुर्चीतून आवाज आला. "देव काय पलून चाललाय?"

आता हसण्याचा धीर कुणाला झाला नाही. म्हातारीने पान गालात सारलं आणि माझ्याकडे न बघता, तशीच समोर बघत बोलत राहिली.

"आमी मिठागरान कामाला जायचो. सकालशी संध्याकालपरत उघऱ्यान उब्या. झार नाय, भित नाय, चारी बाजूला बापये गडी. मंग पानीच पीत नव्हतो. उनान जीव जायचा तरी नाय. लय जनींना तरास. आग आग व्हायची. कोन कोनाला बोलायचा नाय." तिने पदराने तोंड पुसलं. "माजी भन त्यातच गेली. सगल्यांना सांगितला, ताप आलता."

मुलगा पाटावरूनच तिच्याकडे वळला. "आये, मावशी? मना कदी बोलली नाय तू."

"तू कदी इचारलास?"

मी संकल्प सांगितला. गणपतीपूजन झालं, कलश झाला. नवग्रहांच्या आधी मला जावंसं वाटलं आणि मी उठले. पन्नास माणसांमधून वाट काढत गेले, बाथरूमचं दार लावलं, आणि नळ सोडला नाही. हातपाय धुऊन परत आले, आसनावर बसले, आचमन केलं.

पळी खाली ठेवताना पाटावरची सून पुढे वाकली. इतका वेळ मी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. अंगभर शालू, चेहरा ओढलेला, मांडी घट्ट आवळून बसलेली.

"काकू," ती कुजबुजली, "मी पण जाऊन येऊ?"

"अगं, पूजेत?" तिचा नवरा म्हणाला.

"जाऊन ये," मी म्हटलं, आणि ते मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सावकाश ये. आम्ही थांबलोय."

ती उठली. तिच्यापाठोपाठ भिंतीशी बसलेली तिची नणंद उठली. मग आणखी एक. मग खुर्चीतल्या म्हातारीने हात पुढे केला आणि मुलगा तिला धरून घेऊन गेला, बाथरूमच्या दारापर्यंत.

मी पिशवीतली बाटली काढली आणि आसनावर बसूनच, सगळ्यांसमोर, पोटभर पाणी प्यायले. देव चौरंगावर होते तिथेच होते.